अभ्यासक्रमातली बौद्धवाडी



अभ्यासक्रम म्हटला की पोरांना पेपर आठवतो, प्राध्यापकांना तासिका आठवतात आणि विद्यापीठाला गुणांची विभागणी. काय शिकवायचं त्याची यादी, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. पण यादी आभाळातून पडत नाही. ती कुणीतरी करतं. कशाला ज्ञान म्हणायचं, कुणाचं जगणं पुस्तकात यायचं आणि कुणाचं वेशीबाहेर राहायचं, याचा निवाडा त्या यादीत आधीच होऊन गेलेला असतो. आपण कवितेची समीक्षा करतो, आत्मकथनाची करतो. मग अभ्यासक्रमाची का करू नये?

आपल्याकडे ती जोतीरावांनी केली. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात खेड्यातल्या शाळेत काय शिकवावं हे त्यांनी नेमकं सांगितलं. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, आरोग्य आणि नीतीचे काही धडे. वरवर साधी यादी. पण मोडी का? मला त्याचा अर्थ सरळ दिसतो. कुळकर्ण्याचं दप्तर मोडीत, सावकाराचं खत मोडीत. ज्याला मोडी येत नाही त्याचा अंगठा कुठल्याही कागदावर उठवता येतो. हिशेब का? व्याज कसं चढतं ते कळावं म्हणून. आणि सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामावर, शिकतात मात्र वरच्या वर्गाची पोरं, हेही जोतीरावांनी त्याच निवेदनात सुनावलं. म्हणजे ज्याला लुबाडलं जातंय त्याच्या हातात काय द्यायचं, या प्रश्नातून ती यादी निघाली होती.

दुसरी साक्ष बाबासाहेबांची. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला त्यांनी लेखी उत्तरं दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती आणि सिद्धांत कोंबणं हे विद्यापीठाचं काम नव्हे. त्याचं स्वतःचं व्यक्तित्व जागं करणं, त्याला डोकं चालवायला लावणं, मोठमोठ्या अधिकारी ग्रंथकारांनाही तपासून बघायची सवय लावणं, हे काम. शंभर वर्षं झाली या गोष्टीला.

आता ही दोन मापं घेऊन आजच्या अभ्यासक्रमाकडे या.

सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. बांद्याच्या पोरानं काय वाचायचं ते सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या एका बैठकीत ठरतं. त्या यादीत आता दलित साहित्य आहे. 'बलुतं' १९७८ साली आलं, 'उपरा' १९८० साली, 'आयदान' २००३ साली. ही पुस्तकं विद्यापीठांत गेली ती काही कुणी दया केली म्हणून नाही, लेखकांनी आणि चळवळीनं ती दारं ढकलली म्हणून गेली. पण आत गेल्यावर त्यांना जागा कुठे मिळाली? बऱ्याचदा वेगळ्या पेपरात. मराठी साहित्याचा इतिहास एकीकडे आणि 'साहित्यप्रवाह' म्हणून दलित, ग्रामीण, आदिवासी, स्त्रीवादी दुसरीकडे. गाव मधोमध आणि बौद्धवाडी टोकाला, हा कोकणातल्या गावाचा नकाशाच अभ्यासक्रमात उतरला. ज्या पोराला तो पेपर घ्यायचा नाही तो दलित साहित्याचं एक पान न उलटता मराठीचा पदवीधर होऊ शकतो. उलट आपलं पोर मात्र संतांपासून नवकवितेपर्यंत सगळं वाचून येतं. वाचावंच. पण हा एकेरी रस्ता कुणाच्या सोयीचा?

त्याहून वाईट गत परीक्षेची. 'दलित साहित्यातील वेदना, विद्रोह आणि नकार स्पष्ट करा.' या तीन शब्दांवर किती पिढ्या पास झाल्या! गाईडात उत्तर तयार, तीन मथळे, पाच पानं. विद्रोहसुद्धा पाठ करता येतो, हे या व्यवस्थेनं सिद्ध केलं. उर्मिला पवारांचं 'आयदान' घ्या. आयदान म्हणजे बांबूचं विणकाम, आपल्या कोकणातल्या आयाबायांच्या हातचं. बांबू कुठून येई, विणायला किती वेळ जाई, दाम कोण ठरवी, विणणारीचा हात चालायचा पण सावली का चालायची नाही, हे विचारा ना पेपरात! त्याला गाईडात उत्तर मिळायचं नाही. घरी जाऊन आजीला विचारावं लागेल. आजी मग विचारील, "ह्या शिकान काय गावतला?" या प्रश्नाला उत्तर देता येईल तोच खरा अभ्यासक्रम.

आता थोडं आपल्याविषयी. २०१२ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं बाबासाहेबांवरचं १९४९ चं व्यंगचित्र गाजलं. संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडलं. पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयावर हल्ला झाला. चित्र बघून आपल्या माणसांना लागलं, ते खोटं नव्हतं. चाळीस पोरांच्या वर्गात एकटं बसलेलं आपलं पोर आणि भोवतालचं हसू, हे ज्यानं सोसलंय त्यालाच कळतं. पण मग प्रश्न वर्गाचा होता, शिकवणाऱ्याचा होता. आपण भांडलो एका चित्राशी. चित्राभोवतीचा धडा आपल्यापैकी किती जणांनी वाचला होता? आणि कार्यालय फोडून कुठलं पोर शहाणं झालं?

कारण पान फाडायची सवय लागली की ती आपल्यापुरती थांबत नाही. २०१० साली मुंबई विद्यापीठानं रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी दबावाखाली काढली. २०१८ साली आदिवासी संघटनांच्या आक्षेपानंतर दिनकर मनवरांची पाण्यावरची कविता काढली. त्या आक्षेपामागचं दुखणं खरं होतं, पण कविता आणि आक्षेप दोन्ही वर्गात समोरासमोर ठेवण्याची संधी गेली. आणि २०२१ साली दिल्ली विद्यापीठानं इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकीर्तराणी या दोन तमिळ दलित लेखिकांना बाहेर काढलं, सोबत महाश्वेता देवींची 'द्रौपदी'. तेव्हा कुणाची कार्यालयं फुटली नाहीत. कात्री कुणाच्याही हातात द्या, शेवटी ती आपल्याच मानेवर येते.

म्हणून मित्रांनो, कामाचं बोलूया. सत्र सुरू झालं की अभ्यासक्रमाची प्रत हातात घ्या. चार प्रश्न विचारा. ही यादी कुणी केली? यात सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय? पेपरात विचारतात काय? आणि पत्रादेवीचा नाका ओलांडून रोज गोव्यात राबायला जाणाऱ्या आपल्या पोराला यातलं काय उपयोगी पडेल? त्याला करारपत्र वाचता येईल का, पगाराची पावती तपासता येईल का? आजची मोडी ती आहे.

उत्तरं लिहून काढा आणि अभ्यास मंडळाकडे पाठवा. एकदा नाही, दर वर्षी. आणि त्यांच्या उत्तराची वाट बघत बसू नका. जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा पुस्तकांना काढा. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. पहिलं वाचन जोतीरावांच्या त्या निवेदनाचं, दुसरं बाबासाहेबांच्या १९२४ च्या उत्तरांचं. वाचताना बाबासाहेबांनाही प्रश्न विचारा. त्यांनी सांगितलेला अभ्यासक्रम तोच आहे.

— बांदा, जि. सिंधुदुर्ग