निमंत्रण मागे घेतल्यावर

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले. आक्षेप काय, तर त्या इंग्रजीत लिहितात. संमेलन उधळण्याच्या धमकीपुढे यजमानच वाकले. भाषण मात्र वृत्तपत्रांतून मराठीत छापून आले. गोमांसाच्या संशयावरून झालेल्या मुसलमानांच्या हत्यांबद्दल त्यात स्पष्ट शब्द होते. आपल्याला ते जवळचे वाटले.

त्याआधी 2009 मध्ये 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून वारकरी संतापले आणि आनंद यादवांना महाबळेश्वर संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले. कादंबरीवर कठोर टीका करण्याचा हक्क वाचकाला होताच. पण टीका पुस्तकाला उत्तर देते. बहिष्कार लेखकाला गप्प करतो.

हीच मोजपट्टी आता घरी लावू. हमीद दलवाई मिरजोळीचे, त्यांची 'इंधन' (1965) कोकणातल्या आपल्याच वस्त्यांची. मोऱ्यापासून मिरजोळीपर्यंतच्या वाचकाने ती आधी वाचावी, मग हवे तेवढे भांडावे. दलवाईंची मते पटत नसतील तर ती कुठे चुकतात ते लिहावे. सहगलांसाठी हळहळायचे आणि दलवाईंचे नाव निघताच सभा सोडायची, हा दुटप्पीपणा मुस्लिम मराठी साहित्याला परवडणारा नाही.