त्यागाचे मोल : ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’

अमेरिकन कथाकार ओ. हेन्री यांची ही नाताळकथा १९०५ साली प्रसिद्ध झाली. डेला आपले लांबसडक केस २० डॉलरना विकून जिमच्या घड्याळासाठी साखळी घेते; जिमने तेच वडिलोपार्जित घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. दोन्ही भेटी निरुपयोगी ठरतात. मग हा त्याग वाया गेला काय?

आम्हांला तसे वाटत नाही. कथेचे खरे मर्म केस विकण्याच्या प्रसंगात नसून आरंभीच्या १ डॉलर ८७ सेंट या रकमेत आहे. वाणी, भाजीवाला, खाटीक यांच्याशी लाजेने लाल होत घासाघीस करून डेलाने ती महिनोन्‌महिने साठविली आहे. एका दिवसाच्या मोठ्या त्यागामागे असा रोजचा, कुणाला न दिसणारा त्याग उभा आहे. जिमही हळहळत बसत नाही. भेटी बाजूला ठेवून जेवणाचे पाहू या, म्हणतो.

अखेरीस लेखक या दोघांना बाळ येशूसाठी भेटी आणणाऱ्या ज्ञानी पुरुषांच्या पंक्तीला बसवितो. हे भाष्य नसते तरी चालले असते. पात्रांनी ते आपल्या कृतीने आधीच सिद्ध केले आहे. भेट किती किमतीची, यापेक्षा तिच्यासाठी आपण काय सोडले, हे पाहावयास ही कथा शिकविते.