मुक्ताबाईचा निबंध आणि धारवाडचा अर्ज

आमच्या मुलीला शाळेत इतिहासाचा एक प्रकल्प मिळाला : भेदभावाला आव्हान देणाऱ्या एखाद्या मुलाची माहिती जमवावी. तिने रूबी ब्रिजेसची निवड केली. 1960 च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्स येथे ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय बालिका पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. निवड उत्तमच, परंतु दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलीला तिच्या शंभर वर्षे आधीची मुक्ता साळवे ठाऊक नसावी, याची खंत वाटली. त्या निमित्ताने मुक्ताबाईचा निबंध पुन्हा वाचला.

मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त दोन हप्त्यांत प्रसिद्ध झाला. लेखिका जेमतेम चौदा वर्षांची. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. समाजसुधारणेचा पुरावा म्हणून आपण हा निबंध पुढे करतो. गद्य म्हणून त्याची पारख क्वचितच होते. वस्तुतः त्याचे सामर्थ्य त्याच्या गद्यातच आहे.

मुक्ताबाई दयेची याचना करून आरंभ करीत नाही. वेद केवळ ब्राह्मणांचे, हे प्रतिपक्षाचे म्हणणे ती गृहीत धरते आणि त्यातूनच त्याला पेचात पकडते : ज्यांना धर्मग्रंथच नाही ते धर्मरहित ठरले, तर मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे! या तर्काला ती अनुभवाची जोड देते. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्याचे मस्तक उडवून त्याचा गुलटेकडीच्या मैदानात चेंडू करीत, हे ती सांगते. छप्पराविना उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रीचे हालही सांगते. या दुसऱ्या वर्णनात अलंकाराचा सोस नाही, म्हणूनच ते वाचताना मन अस्वस्थ होते.

निबंधाला एक मर्यादा आहे. इंग्रजी अमलावर लेखिकेने टाकलेला विश्वास फार सरळ आहे. पुढच्याच वर्षी, जून 1856 मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारच्या उत्तराचा आशय असा, की तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे. परंतु एका मुलापायी शाळा बहुसंख्यांना निरुपयोगी करणे योग्य नव्हे. 1858 साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचा निर्वाळा दिला. तरी 1928 साली सायमन आयोगापुढील निवेदनात डॉ. आंबेडकरांना हे प्रकरण पुन्हा मांडावे लागले.

आपल्यासारख्या कारकुनी पेशातील वाचकांनी हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. ‘मागणी रास्त आहे, तथापि’ ही शब्दयोजना आपल्या लेखणीला परकी नाही. अशी टिपणे मी स्वतः लिहिली आहेत, आणि त्या ‘तथापि’पलीकडे कोण उभे आहे, याचा विचार दरवेळी केलेला नाही. मुक्ताबाईच्या निबंधात ‘म्हणून’ आहे. सरकारी उत्तरात ‘तथापि’. एक वाक्य विचार शेवटास नेते, दुसरे तो अर्ध्यावर थांबवते.

धारवाडचा मुलगा आजही जातीच्या नावानेच ओळखला जातो. मुक्ताबाईला आपण नावाने ओळखतो, कारण तिने स्वतः लिहिले. मुलीच्या वहीत आता रूबीशेजारी ही दोघेही आहेत. त्या मुलाच्या पानावर नावाची जागा तिने रिकामी ठेवली आहे.