निर्णय कशाला म्हणायचं? न ऐकलेल्या तिघांचा खटला

मंडळी, आपल्या सानगडीत खुनाचा गुन्हा घडला तर खटला भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात चालतो, अपील नागपूरला जातं आणि त्यापुढे दिल्लीला. आरोपी मात्र तुरुंगातच असतो, पुढे जातात ते कागद. म्हणून अपिलात 'ऐकणं' म्हणजे काय, हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाचा वाटतो. आज एका निकालपत्राकडे त्या नजरेने पाहू.

खटला आहे 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर हल्ला झाला, पाच जणांचे खून आणि बलात्कारही. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2006 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सरकारने शिक्षा वाढवून मागितली आणि 30 एप्रिल 2009 ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. आता गंमत म्हणा की भीती म्हणा, ज्या तिघांची शिक्षा वाढली, त्यांची बाजू सरकारच्या त्या अपिलात ऐकलीच गेली नव्हती!

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? नजरचूक, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. 2009 च्या निकालाचा आधार होता 1996 चा 'रावजी' निवाडा. शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नव्हे, असं त्याचं सूत्र. एकदा हे मानलं की समोरच्या माणसाला विचारायचं तरी काय? गुन्ह्याचं वर्णन कागदावर आहेच. खुर्ची रिकामी होती हे दिसलं नाही, कारण युक्तिवादातच त्या खुर्चीला जागा नव्हती. आणि पाहा, जेमतेम दोन आठवड्यांनी, मे 2009 मध्ये, 'बरियार' खटल्यात त्याच न्यायालयाने 'रावजी' हा आधीच्या घटनापीठाला सोडून दिलेला निवाडा आहे, असं म्हटलं.

आपण कोर्टाच्या निकालाला 'निर्णय' म्हणतो ना, तो न्यायदर्शनातला शब्द आहे. गौतमाच्या व्याख्येत पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तपासून वस्तू निश्चित करणं, तो निर्णय. यावर वात्स्यायन एक बारीक सवलत देतो: डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीला हा नियम लागत नाही. पण खुनाच्या खटल्यात न्यायाधीशाने काय पाहिलेलं असतं? काहीच नाही. म्हणजे प्रतिपक्ष ऐकणं ही आरोपीवरची मेहेरबानी नाही, न्यायाधीशाला जाणून घेण्याचा दुसरा रस्ताच नाही.

"ऐकून तरी काय नवीन निघालं असतं?" हा प्रश्न मला विद्यार्थीही विचारायचे. याचं उत्तर याच खटल्यात आहे. 2014 मध्ये घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या पुनर्विलोकन याचिका उघड्या न्यायालयात ऐकायच्या. ऑक्टोबर 2018 मध्ये 2009 चा निकाल मागे घेतला गेला, सगळी अपिलं नव्याने ऐकली गेली आणि 5 मार्च 2019 ला सहाही जण निर्दोष सुटले. शिक्षा कमी झाली नाही, गुन्हाच त्यांच्यावर सिद्ध झाला नाही! त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

2019 चं निकालपत्र मला मोठं वाटतं, तरी एक तक्रार आहे. त्यात प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई आहे. सोळा वर्षांनी भागा, वर्षाला 31,250 येतात. हा आकडा कोणत्या हिशेबाने आला, याची नीट मांडणी मला सापडत नाही.

आणि न ऐकलेले फक्त आरोपीच नव्हते, बरं का. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधली दुसऱ्याच चौघांची छायाचित्रं ओळखली होती. त्या चौघांचा पुढे तपास झाला नाही. तो करा, हे सांगायला 2019 उजाडलं.