छत्तीस धोंडे

आईला व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “बांधकाम चाललंय का तिथं?”

नाही म्हटलं.

“मग उचलत का नाहीत?”

मी सांगितलं की हे शिल्प आहे. १९७७ पासून इथंच आहे आणि तेव्हा त्याला ८७ हजार डॉलर खर्च आला होता. आई दोन क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, पण शिल्प म्हणजे कोरलेलं असतं ना?”

तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, या कामाबद्दल विचारण्यासारखा प्रश्न हाच होता, आणि तो मला सुचला नव्हता.

मी तीन वर्षं अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात ऑनसाइट होते. कनेक्टिकट राज्याची राजधानी, विमा कंपन्यांचं गाव. दुपारी बाराला ऑफिसं रिकामी होतात आणि त्या घोळक्यात मराठी, तेलुगू, तमिळ सगळं कानावर येतं. माझा डबा मेन स्ट्रीट आणि गोल्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उघडायचा. तिथं एक जुनं चर्च आहे, त्याला लागून सतराव्या शतकातलं कब्रस्तान आणि त्याच्या शेजारी गवताचा एक लांबुळका त्रिकोणी तुकडा. त्या तुकड्यावर छत्तीस धोंडे मांडलेले आहेत. कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराचं हे काम, नाव ‘स्टोन फील्ड स्कल्प्चर’. पहिल्या महिन्यात मला हे शिल्प आहे हेच कळलं नव्हतं. मी त्यातल्या एका दगडावर बसून पोळीभाजी खात होते.

मांडणी सांगते. त्रिकोणाच्या टोकाला एकच धोंडा, सगळ्यात मोठा, सुमारे ११ टनांचा. पुढच्या ओळीत दोन, मग तीन, असं करत आठव्या ओळीत आठ, सगळ्यात लहान. लहान म्हणजेसुद्धा साडेचारशे किलोच्या आसपास. एक ते आठ मिळवा, छत्तीस होतात. बस, एवढंच. जवळच्या खाणीतून आणलेल्या या दगडांवर छिन्नीचा एकही घाव नाही. शेवटच्या हिमयुगात हिमनद्यांनी ते कुठून कुठून ढकलत, घासत इकडं आणले होते. म्हणून त्यांत ग्रॅनाइट आहे, तांबडा वाळूचा दगड आहे, नाइस आहे, शिस्ट आहे आणि बेसॉल्टसुद्धा. आपला काळा कातळ. सह्याद्रीतल्या माणसाला दगड म्हणजे एकच जात माहीत असते, लाव्हाची. इथं एका गवताच्या पट्ट्यावर अर्धा डझन जातींचे दगड शेजारी शेजारी बसलेले. मी बेसॉल्टवर बसायचे. गाववाला म्हणून.

१९७७ मध्ये शहर भडकलं होतं. पैसे निम्मे नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या सरकारी संस्थेचे आणि निम्मे हार्टफर्डमधल्या एका सार्वजनिक न्यासाचे होते, तरी लोकांना वाटलं की आपल्या खिशातून गेले. भागाकार करून पाहिला तर एका धोंड्याला २,४०० डॉलरहून थोडे जास्त पडतात. आंद्रेला याची सवय असावी. त्याच्या आधीच्याच वर्षी लंडनमध्ये टेट संग्रहालयानं विकत घेतलेल्या त्याच्या १२० विटांवरून तिथल्या वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं. “हे तर कोणीही करेल” हे वाक्य दोन्हीकडे म्हटलं गेलं आणि आजही इन्स्टाग्रामवर अशा कुठल्याही फोटोखाली ते असतंच. मला त्या वाक्याचा राग येत नाही. ते खरं आहे. हो, कोणीही करेल. आंद्रेला तेच हवं होतं. हातातली करामत, कलावंताची सही, भावनांचा उमाळा हे सगळं काढून टाकल्यावर मागं काय उरतं, ते त्याला बघायचं होतं.

हा माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीचा. ते गाव ग्रॅनाइटच्या खाणींसाठी आणि जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध. सुरुवातीला त्यानं लाकूड कोरून पाहिलं, मग कोरणं सोडलं. १९६० ते १९६४ तो पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर मालगाडीचा ब्रेक्समन आणि कंडक्टर होता. एकसारखे डबे जोडायचे, सोडवायचे, रांगेत लावायचे. त्याची पुढची सगळी कला मला त्या यार्डातून निघालेली दिसते. सारख्या विटा, सारखे धातूचे चौकोन, जमिनीवर सरळ मांडलेले. काही कोरायचं नाही, काही चिकटवायचं नाही, उंच काही उभारायचं नाही. वस्तू म्हणजे वस्तू, तिच्या मागं गोष्ट नाही.

पण माझ्या मते हार्टफर्डचं काम त्याच्या विटांपेक्षा कितीतरी चांगलं आहे, आणि ते इथं त्याची पद्धत हरते म्हणून. विटा एकमेकींसारख्या असतात. त्यातली एक फुटली तर दुसरी आणता येते. धोंड्यांचं तसं होत नाही. त्यानं अंकगणित लावलं, ओळी आखल्या, वजनाप्रमाणं क्रम लावला, तरी प्रत्येक दगड आपापल्या परीनं वाकडा राहिला. तिसऱ्या ओळीतला एक असा कललेला आहे की शाळेच्या प्रार्थनेत डुलणारं पोर आठवतं. आकडा काटेकोर आणि माल बेशिस्त, या दोन्हींत चाललेली ओढाताण तिथं रोज दिसते. सकाळी आकडा जिंकलेला वाटतो. संध्याकाळी सावल्या लांबल्या की दगड जिंकतात.

लँड आर्ट म्हटलं की आपल्याला वाळवंट आठवतं. रॉबर्ट स्मिथसननं १९७० मध्ये यूटाच्या खाऱ्या सरोवरात काळ्या बेसॉल्टचा दीड हजार फुटांचा ‘स्पायरल जेटी’ हा वळसा घातला. तो बघायला मोहीम काढावी लागते. आंद्रेच्या दगडांना बसमधून उतरून हात लावता येतो. तिथं मुलं उड्या मारतात, कोणी बूट काढून पाय मोकळे करतं. मला हे आवडलं होतं. खरं सांगायचं तर परक्या शहरात मला विश्रांती देणारी ती एकच जागा होती, कारण तिथलं काहीच माझ्याकडून काही मागत नव्हतं. त्याच शहरात वॉलेस स्टीव्हन्स हा मोठा कवी विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या घरी जायच्या वाटेवर आता ग्रॅनाइटचे १३ दगड उभे केले आहेत आणि प्रत्येकावर त्याच्या एका कवितेचा एकेक तुकडा कोरला आहे. एका रविवारी मी ते सगळे वाचत गेले. चौथ्या दगडानंतर मला माझे मुके धोंडे आठवायला लागले.

मी शनिवारी आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीला तिकडं घेऊन गेले. तिचे आईवडील क्युबाहून आलेले. मी उत्साहानं दगडांच्या जाती सांगत होते. ती फुटपाथवरच उभी राहिली. गवतावर पाय ठेवला नाही. म्हणाली, “हा तोच ना, आना मेंडिएटाचा नवरा?”

मला ते नाव माहीत नव्हतं. तीन वर्षांतली अडीच मी त्या दगडांवर जेवले होते.

आना मेंडिएटा १९४८ मध्ये हवानात जन्मली. १९६१ मध्ये, बारा वर्षांची असताना, क्युबातून आईबापांविना अमेरिकेत पाठवलेल्या हजारो मुलांमध्ये ती होती. आयोवात वाढली, तिथंच कला शिकली. १९७३ पासून तिनं ‘सिलुएता’ नावाची मालिका केली. स्वतःच्या देहाची आकृती ती मातीत, वाळूत, गवतात, फुलांत, आगीत उमटवायची. पाऊस यायचा, लाट यायची, आकृती जायची. मागं फोटो किंवा फिल्म उरायची. १९८१ मध्ये ती क्युबाला गेली आणि हारुको इथल्या चुनखडीच्या गुहांमध्ये तिनं दगडात स्त्रीदेह कोरले, त्यांना तिथल्या मूळ ताइनो लोकांच्या देवींची नावं दिली. १९८५ च्या जानेवारीत तिनं आंद्रेशी लग्न केलं. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला पहाटे न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घराच्या खिडकीतून, चौतिसाव्या मजल्यावरून, ती खाली पडून मेली. आंद्रेवर खुनाचा खटला झाला. त्यानं ज्युरी नाकारली, निकाल न्यायाधीशांनी दिला आणि १९८८ मध्ये तो निर्दोष सुटला. २०२४ च्या जानेवारीत तो वारला. मधल्या काळात त्याची मोठमोठी प्रदर्शनं झाली आणि बाहेर बायका फलक घेऊन विचारत राहिल्या की आना मेंडिएटा कुठं आहे. १९९२ मध्ये गुगेनहाइमबाहेर विचारलं, २०१४ मध्ये पुन्हा.

मेली तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती.

या जुळणीला काहीही अर्थ नाही. दगड तिच्या मृत्यूच्या आठ वर्षं आधीच मांडून झाले होते. एक ते आठची बेरीज छत्तीस होते ती होतेच. पण मी मराठी आहे. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले की सगळं जमलं म्हणतात आणि पाठीला पाठ लावून बसलेल्या तीन आणि सहावरून छत्तीसचा आकडाही म्हणतात. हा आकडा माझ्या कानात मुका राहूच शकत नाही. सोमवारी जेवायला गेले आणि नकळत मोजायला लागले. मोजून संपले, पण डबा उघडला नाही.

कलाकृती आणि कलावंत वेगळे करायचे का, यावर ऑनलाइन भांडणं भरपूर होतात. मला ती इथं अपुरी वाटतात. आंद्रेच्या बाबतीत हे वेगळं करणं बाहेरून आणावं लागत नाही, ते त्याच्या कलेच्या आतच आहे. वस्तूमागं गोष्ट नाही, माणूस नाही, फक्त वस्तू बघा, हाच त्याचा आग्रह. एरवी तो आग्रह मला सुंदर वाटला होता. पण १९८५ नंतर तोच किती सोयीचा होतो! कोर्टानं निर्दोष म्हटलेल्या माणसाला मी इथं दोषी ठरवत नाही, तो माझा अधिकार नाही. माझी तक्रार समीक्षेपुरती आहे. त्याच्या दगडांवर लिहिलेले जे लेख मी नंतर शोधून वाचले, त्यांतल्या काहींमध्ये हिमनद्या होत्या, टनांची वजनं होती, ८७ हजार डॉलर होते, पण मेंडिएटा नव्हती. समीक्षकांनीही वस्तूच बघितली. मीही अडीच वर्षं तेच केलं.

आणि ही भूमिका त्या जागेवरच खोटी पडते. शेजारच्या कब्रस्तानातले दगड कोरलेले आहेत. नावं आहेत, वर्षं आहेत, पंख असलेल्या कवट्या आहेत. त्यातला बराचसा तांबडा दगड पापुद्रे सुटून झडतोय, काहींवरची नावं पार गेली आहेत. ते फक्त दगड व्हायच्या वाटेवर आहेत आणि अलीकडचे आंद्रेचे दगड नाव मिळायच्या. आमच्या शेताच्या बांधावरचा म्हसोबा असाच एक ओबडधोबड गोटा आहे. देवीच्या कित्येक ठाण्यांत मूर्ती नसते, तांदळाच असतो. त्याला कोणी कोरत नाही, शेंदूर लावतात, आणि दरवर्षी थर जाड होतो. आईला मी हे सांगितलं की न कोरलेला देव चालतो तर न कोरलेलं शिल्प का नाही. ती म्हणाली, “म्हसोबाला आपण काहीतरी बोललेलो असतो बाई.”

मेंडिएटाचं हारुकोचं काम मी फक्त फोटोत पाहिलंय. उथळ कोरीव रेषा, सुजल्यासारखे देह, मांड्यांच्या जागी दगडाचाच फुगवटा. तिनं दगडाच्या मूळ वळणात बाई शोधली आणि तेवढीच मोकळी केली. तिचं माप माणसाचं आहे, आंद्रेचं हिमनदीचं. एकटी पाहिली तर मला तिची कामं कधी कधी फार बोलकी वाटतात. त्या नावांची मला गरज वाटत नाही. पण आता आंद्रेच्या गवतावर उभी राहिले की तिचीच आठवण येते, आणि त्याचं काम त्यामुळं कमी होत नाही, जड होतं. अकरा टनांपेक्षा जड. हे त्यानं केलेलं नाही आणि त्याला नकोच असतं.

परत यायच्या आधीच्या फेब्रुवारीत खूप बर्फ पडला. मैत्रीण या वेळी स्वतःहून आली. मागच्या ओळीतले लहान धोंडे पूर्ण बुडाले होते, नुसती टेंगळं दिसत होती. ती फुटपाथवरून मोजायला लागली आणि एकोणतिसावर थांबली. मी म्हटलं, अजून सात आहेत, खाली. ती बूट बुडवत आत गेली आणि शेवटच्या ओळीतल्या एका टेंगळावरचा बर्फ हातमोज्यानं झाडला. खाली काळा दगड निघाला, बेसॉल्ट असावा. तिनं थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग म्हणाली, गार आहे, चल, आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो.