लाटेवरची आत्मचरित्रे

समुद्रात फळ्यावर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावत येणाऱ्या माणसांच्या पुस्तकांविषयी एका मराठी वाङ्मयीन मासिकात लिहावे, ही कल्पना आमच्या मित्रमंडळींना प्रथम चमत्कारिकच वाटली. "आत्मचरित्रच वाचायचे तर घरात 'स्मृतिचित्रे' आहेत, या सर्फिंगवाल्यांच्या गप्पा कशाला?" असे एका स्नेह्यांनी स्पष्टच विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजेच हा लेख.

नोकरीनिमित्त चेन्नईस येऊन आम्हांस अकरा वर्षे झाली. या किनाऱ्याची लाट परदेशी दर्यावर्दी मंडळींना फार जुन्या काळापासून परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे बंदर बांधले जाईपर्यंत जहाजे दूर समुद्रात उभी राहत, आणि उतारू व माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून फेसाळ लाटा ओलांडून वाळूवर येई. 'सर्फ' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात दिसू लागला तो प्रथम हिंदुस्थानच्या किनाऱ्याच्या वर्णनात, आणि त्याचे मूळ कदाचित इकडचेच असावे, असे कोशकार सांगतात. तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका आहे असे नाही. चेन्नईच्या दक्षिणेस कोवळम गावी कोळ्यांची मुले आज सर्फबोर्डावर सफाईने उभी राहतात. त्यांचे वाडवडील ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर बसून त्याच लाटांवरून घरी येत असत. ही मुले पाहूनच आमचे कुतूहल जागे झाले, आणि कचेरीतील एका सहकाऱ्याने दिलेल्या पुस्तकापासून वाचनास आरंभ झाला.

या वाङ्मयापुढची अडचण प्रथम सांगितली पाहिजे. सैनिकाच्या आत्मचरित्रामागे लढाई असते, राजकारणी पुरुषाच्या आत्मचरित्रामागे सत्तांतरे असतात. लाटेवर स्वार होणाऱ्याच्या मागे काय उरते? लाट काही क्षणांत फुटते आणि विरते. तिचा पुरावा नाही, तिचा कोणास उपयोग नाही, आणि बहुधा तिला साक्षीदारही नसतो. त्यामुळे असे आत्मचरित्र फार सहज बढाईकडे घसरते. कोळ्याच्या निसटलेल्या माशाप्रमाणे निसटलेली लाटही दरवर्षी वाढत जाते. म्हणून या पुस्तकांचे मोल ठरवताना, लेखक किती मोठ्या लाटेवर चढला हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. त्या लाटेपायी त्याने काय खर्चिले आणि तो खर्च तो प्रांजळपणे मांडतो की नाही, एवढेच आम्ही पाहिले.

प्रथम ग्रेग नोल यांचे 'दा बुल' घेऊ. अँड्रिया गॅबर्ड यांच्या साह्याने लिहिलेले हे पुस्तक 1989 साली निघाले. 1937 साली जन्मलेला हा धिप्पाड कॅलिफोर्नियन पुरुष 1957 साली हवाईतील वायमिया उपसागरात उतरला तेव्हा ती जागा माणसाच्या आटोक्याबाहेरची समजली जात होती. पुढे त्याने हर्मोसा बीच येथे फळ्यांचा मोठा कारखाना काढला. डिसेंबर 1969 मध्ये माकाहा येथे त्याने जी लाट घेतली ती त्या काळापर्यंतची सर्वांत मोठी लाट म्हणून प्रसिद्ध झाली. या लाटेचे एकही छायाचित्र नाही. आता वस्तुतः येथेच बढाईला मोकळे रान मिळावयाचे. परंतु पुस्तकाचा विशेष असा की, लाटेपेक्षा लाटेनंतरची पोकळी त्यात अधिक ठसते. ज्याच्यासाठी इतकी वर्षे धडपड केली ते एकदा घडून गेल्यावर पुन्हा पाण्यात उतरावयाचे कशासाठी? त्यातच 1967-68 च्या सुमारास लांब फळ्यांची जागा आखूड फळ्यांनी घेतली होती आणि जुन्या मालाचे गिऱ्हाईक नाहीसे होत होते. नोल यांनी धंदा गुंडाळला आणि उत्तर कॅलिफोर्नियात जाऊन मासेमारी पत्करली. उतारवयात ते जुन्या हवाईयन धाटणीचे लाकडी फळे घडवीत राहिले. जून 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तकाची भाषा रांगडी आहे, विनोद पुष्कळदा कुस्तीच्या आखाड्यातला आहे, आणि बायकापोरांचे चित्र फार पुसट आहे. पण चाळिशीच्या आतच आयुष्याचे शिखर मागे पडलेल्या माणसाने पुढची वर्षे कशी काढावी, या प्रश्नाकडे त्याने पाठ फिरविलेली नाही.

विल्यम फिनेगन यांचे 'बार्बेरियन डेज' (2015) हे या प्रकारातील निःसंशय सर्वश्रेष्ठ पुस्तक. त्यास 2016 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, पण आमच्या मताचे कारण ते नव्हे. फिनेगन हे 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचे नामांकित वार्ताहर; युद्धे, दारिद्र्य, वर्णद्वेष हे त्यांचे विषय. अशा माणसाला आपले सर्फिंगचे वेड छापील शब्दांत कबूल करावयास दीर्घकाळ संकोच वाटला, आणि तो संकोचच या पुस्तकाचा कणा आहे. बालपणी होनोलुलूच्या शाळेत गोऱ्या अल्पसंख्य मुलाने खाल्लेला मार, तेथल्या हवाईयन मित्रांकडून शिकलेली पाण्यातली रीतभात, 1978 साली मित्रासह दक्षिण पॅसिफिकमध्ये लाटांच्या शोधात केलेली वणवण, आणि पुढे केप टाउनच्या शाळेत शिकवीत असता पाहिलेला विद्यार्थ्यांचा बहिष्कार — हे सर्व एकाच संथ, नेमक्या गद्यात येते. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध विद्यार्थी उठले असता आपण भरती-ओहोटीचा हिशेब करीत होतो, ही विसंगती लेखक लपवीत नाही.

या प्रांजळपणाचे एक उदाहरण आम्हांस फार बोलके वाटले. फिजी बेटांतील तावारुआ या निर्जन बेटापाशी दोघा मित्रांना 1978 साली एक असामान्य लाट सापडली. तिचे नावही कोठे उच्चारावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. काही वर्षांतच तेथे सशुल्क विश्रामधाम उभे राहिले आणि लाट पैसेवाल्या पाहुण्यांची झाली. लेखकाला संताप आला. परंतु पुढे तोही पैसे मोजून तेथे जाऊ लागला, आणि हे त्याने स्वतःच सांगितले आहे. स्वतःस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून पुन्हा त्याचे भांडवल न करणे, ही आत्मचरित्रकाराची खरी कसोटी. त्या कसोटीस फिनेगन उतरतात. दोष काढावयाचाच तर इतका की, लाटांच्या वर्णनांची पुनरुक्ती मधल्या प्रकरणांत थकवते, आणि मराठी वाचकाला तांत्रिक तपशिलांची पाने उलटावीशी वाटतात.

जेरी लोपेझ यांच्या 'सर्फ इज व्हेअर यू फाइंड इट' (2008) या पुस्तकाची प्रकृती निराळी आहे. लोपेझ होनोलुलूचे, ओआहू बेटावरील पाइपलाइन या धोकादायक लाटेच्या पोकळीत एखाद्या साधकासारखे शांत उभे राहण्याबद्दल ते 1970 च्या दशकात जगप्रसिद्ध झाले, आणि योगाभ्यासाबद्दलही त्यांची ख्याती आहे. हे सलग आत्मचरित्र नव्हे; सुट्या आठवणींचा तो संग्रह आहे, आणि त्यातील अनेक आठवणींत लेखक मित्रांना पुढे करून आपण मागे राहतो. ही विनयशीलता सुखद आहे. मात्र काही ठिकाणी आठवण संपता संपता बोधाचे शेपूट जोडले जाते आणि रसभंग होतो. 'जुन्या जाणत्यांचे जीवनधडे' या नावाखाली हल्ली जे पुष्कळ छापले जाते त्याचा हाच दोष आहे. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा चार वाक्यांत अर्क काढला की उरतो तो अर्क कोणाच्याही आयुष्याचा असू शकतो. धीर धरावा, निसर्गापुढे नम्र असावे, हे समजण्यास हवाईपर्यंत जाण्याची गरज नाही. माणूस कोणत्या दिवशी, कोणत्या वाऱ्यात, कशामुळे नम्र झाला ते सांगितले तरच ते साहित्य होते.

लोपेझ यांच्याकडे वळण्याचे दुसरेही कारण आहे. ते स्वतः फळे घडविणारे कारागीर, म्हणजे 'शेपर' आहेत. सर्फिंगच्या इतिहासातील आमच्या मते अधिक महत्त्वाचे आणि कमी लिहिले गेलेले जीवन या शेपर मंडळींचे आहे. मूळ हवाईयन लोक कोआ, विलिविली अशा झाडांच्या लाकडातून फळे कोरीत. टॉम ब्लेक यांनी 1920 च्या दशकात होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जुन्या फळ्यांचा अभ्यास केला, पोकळ फळे बनवून त्यांचे वजन घटविले, आणि 1935 साली फळ्याखाली लहानसे सुकाणू बसविले. बॉब सिमन्स या अधू हाताच्या, अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणाने काचतंतू, बाल्सा लाकूड आणि फोम यांचे प्रयोग केले. 1954 साली तो लाटांतच बुडून मरण पावला. 1958 च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा फळा सिद्ध केला, आणि घरगुती कारागिरीचा उद्योग झाला. क्लार्क यांच्या कारखान्यातून अमेरिकेतील बहुसंख्य फळ्यांचा कच्चा गाभा येत असे. 5 डिसेंबर 2005 रोजी त्यांनी तो अचानक बंद केला तेव्हा देशभरच्या शेपर मंडळींवर आकाश कोसळले.

या कामाची रीत जाणून घेतली म्हणजे त्याचे मोल कळते. फोमच्या गाभ्यातून प्रथम आकार कापून घ्यावयाचा, मग रंधा फिरवावयाचा. खोलीतले दिवे दोन्ही बाजूंस कंबरेच्या उंचीवर असतात. त्यांच्या तिरप्या उजेडात पृष्ठभागावरील बारीक उंचवट्याचीही सावली पडते. शेवटची परीक्षा तळहाताची. कड किती गोल ठेवावी, पुढचा बाक किती घ्यावा, याचे माप हाताला कळते. जिभेला ते सांगता येत नाही. आपल्याकडे मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीवरून कानस किती फिरवावी हे असेच कानाला ठाऊक असते. गवयाचे नाव होते. जवारी काढणाऱ्याचे नाव गवयाच्या तोंडून निघाले तरच लोकांस कळते. सर्फिंगमध्येही तेच. स्वारांची पुस्तके निघतात. सिमन्ससारखा कारागीर मात्र एकही पान न लिहिता जातो, आणि त्याचे चरित्र त्याच्या फळ्यांवरूनच वाचावे लागते. आता संगणकावर चालणारी यंत्रे गाभा कापून देतात, त्यामुळे तळहाताची ही विद्या कोणी लिहून ठेवली नाही तर तिची आठवणही राहणार नाही.

या वाङ्मयातील सर्वांत मोठी उणीवही हीच आहे: ज्यांची ही विद्या, त्यांचा आवाज त्यात क्षीण आहे. हवाईत 1820 साली मिशनरी आले, 1893 साली राज्य उलथले, 1898 साली अमेरिकेने बेटे आपल्यात सामील केली. या काळात लाटेवरचा खेळ जवळजवळ लोपत आला होता. ड्यूक काहानामोकू या हवाईयन जलतरणपटूने 1912 साली ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, आणि 1914-15 च्या दौऱ्यात सिडनीजवळ स्वतः फळा घडवून ऑस्ट्रेलियनांना सर्फिंग दाखविले. त्यांच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले. तरीही, ज्यांच्या पूर्वजांनी लाटांना नावे दिली त्यांच्या आत्मकथा, बाहेरून आलेल्यांच्या आत्मकथांपुढे थोड्याच भरतात. फिनेगन यांना या गोष्टीची जाणीव आहे. नोल यांच्या पुस्तकात ती क्वचितच डोकावते.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येऊ. ही पुस्तके मराठी वाचकाने कशाला वाचावीत? आमचे उत्तर थोडे खाजगी आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात एक मराठी गृहस्थ पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतण्यापूर्वी त्याचा लाकडी नमुना करावयाचा, हे त्यांचे काम. ओतलेली धातू निवताना आक्रसते, म्हणून नमुना नेहमी थोडा मोठा करावा लागतो. कोणत्या धातूला किती सूट द्यावयाची हे त्यांच्या बोटांत होते. निवृत्तीनंतर मंडळाच्या गणेशोत्सवात ते मखराची कमान करीत, आणि आम्ही तरुण मंडळी पाटी-खिळे देत असू. 'अण्णा, एकदा तुमच्या कामाविषयी लिहून काढू या,' असे आम्ही त्यांना दोन-तीनदा म्हटले. ते हसून म्हणत, 'माझ्या कामात लिहिण्यासारखं काय आहे? साहेब लोकांचं लिहा.' आम्हीही फार आग्रह केला नाही. त्या वर्षी मंडळाच्या अंकात एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या सेवाकालातील आठवणी छापल्या. त्यांत बदल्या आणि बढत्या यांच्या तारखा अचूक होत्या. पुढल्या गणेशोत्सवापूर्वी अण्णा गेले. त्यांची हत्यारांची पेटी मुलाने जपून ठेवली आहे, पण कोणते हत्यार कशासाठी, हे सांगणारे आता घरात कोणी नाही.

'बार्बेरियन डेज' वाचताना, आणि सिमन्सच्या मूक फळ्यांविषयी वाचताना, आम्हांस वारंवार ती पेटी आठवली. मराठीत संतांची, देशभक्तांची, नटांची, लेखकांची आत्मचरित्रे विपुल आहेत, आणि दलित आत्मकथनांनी त्या परंपरेला नवी दिशा दिली. परंतु हाताने काम करणाऱ्याने केवळ आपल्या हाताविषयी लिहिलेले पुस्तक आजही विरळाच. असे जीवन लिहिण्याजोगे आहे, हे सर्फिंगच्या या पुस्तकांनी आम्हांस पटवून दिले. ज्या गोष्टीचा मागे काही माग उरत नाही, तिच्याविषयीही सच्चेपणाने लिहिता येते. मग ज्यांच्या कामाचे लोखंड अद्याप रुळांवर धावते आहे, त्यांच्याविषयी लिहिण्यास आपण का कचरावे?

बृहन्महाराष्ट्रातील प्रत्येक गावी असा एखादा वृद्ध कारागीर आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसलेला असतो. वाचकांनी ही तीन पुस्तके वाचावीत अशी आमची शिफारस आहे. पण ती वाचून झाल्यावर, किंबहुना वाचण्यापूर्वीच, त्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांकडे वही घेऊन जावे, आणि ते 'लिहिण्यासारखं काय आहे' म्हणाले तरी उठू नये. आम्ही उठलो, ती चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही.