‘दुर्मीळ’ कशावरून? जुन्या व्हिडिओ गेमच्या किमती आणि आपला पुरावा

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘या गेमची प्रत आज अत्यंत दुर्मीळ असून तिची किंमत कित्येक हजारांवर गेली आहे.’ मॅडमनी ‘दुर्मीळ’भोवती गोल केला आणि समासात लिहिलं, ‘कशावरून?’ मी म्हटलं, किमतीवरून. त्या म्हणाल्या, ‘मग ‘असून’ काढ आणि ‘कारण’ लिही. ही प्रत दुर्मीळ आहे, कारण ती महाग आहे. आता मोठ्यानं वाच.’

वाचलं. पान फाडावंसं वाटलं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काहींची सिनॉप्सिस अडकलीय. व्हिडिओ गेम हा तुमचा विषय नसेलही, पण ही चूक तुमच्या विषयातही टपून बसलेली असते, म्हणून हा लेख. माझा विषय नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांत आलेले टीव्हीवरचे गेम. यातली बहुतेक सामग्री कुठल्या ग्रंथालयात मिळत नाही. ती विकत घ्यावी लागते, म्हणजे संशोधकाला थोडं संग्राहक व्हावं लागतं. आणि संग्राहकांच्या जगात शिरलं की पहिली भेटते ती किंमत-सूची. (तिलाही गाईडच म्हणतात. माझ्या गाईडना हे सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत.)

या सूच्या काय करतात ते आधी नीट बघू. प्राइसचार्टिंगसारख्या संकेतस्थळावर प्रत्येक गेमपुढे साधारण तीन किमती दिसतात: नुसती कॅसेट किंवा डिस्क, खोका आणि पुस्तिकेसकट पूर्ण संच, आणि न उघडलेला नवा. ऑनलाइन झालेल्या विक्रीवरून या किमती काढलेल्या असतात. ही चांगली गोष्ट आहे. विक्रेता काय मागतो आणि गिऱ्हाईक काय देतं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. इबेवर कुणीही कशापुढेही पन्नास हजार लिहू शकतो. नवखा संग्राहक तो आकडा बघून ‘माझ्याकडे खजिना आहे’ म्हणत माळा उपसतो. तेव्हा तुम्ही कुठल्याही जुन्या वस्तूच्या किमतीबद्दल लिहिणार असाल तर मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत हे दोन वेगळे रकाने ठेवा. माझ्या पहिल्या तक्त्यात एकच रकाना होता. तो तक्ता आता कुणाला दाखवत नाही.

पण झालेल्या विक्रीची किंमत तरी काय सांगते? त्या दिवशी तेवढे पैसे द्यायला कुणीतरी तयार होतं, इतकंच. प्रती किती शिल्लक आहेत, हे ती सांगत नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. 11 जुलै 2021 रोजी अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘सुपर मारिओ 64’ची एक न उघडलेली प्रत 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. दोनच दिवस आधी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची प्रत 8 लाख 70 हजारांना गेली होती. बातम्यांत शब्द तोच, ‘दुर्मीळ’. आता हे बघा: ‘सुपर मारिओ 64’ हा 1996 सालचा गेम, त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. निन्टेन्डो 64 या यंत्रासाठी निघालेल्या गेममध्ये हा सगळ्यात खपलेला. अजूनही वापरलेली प्रत कुणालाही सहज मिळते. मग दुर्मीळ काय होतं? गेम नव्हे, खोक्यावरचं प्लास्टिक. त्या प्रतीला ग्रेडिंग कंपनीने 9.8 गुण दिले होते आणि प्लास्टिकच्या वेष्टणाला ए++ अशी वेगळी श्रेणी.

इथे आणखी एक फट आहे, आणि मला ती संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात मजेशीर वाटते. ‘इतक्या वरच्या श्रेणीच्या एवढ्याच प्रती आहेत’ असं म्हणतात, तेव्हा मोजलेल्या असतात फक्त तपासायला पाठवलेल्या प्रती. कुणाच्या तरी गोदामात खोकंभर पडलेल्या असतील, तर त्या मोजणीत नाहीत. किंमत वाढली की लोक कपाटं उघडतात, आणखी प्रती पाठवतात, आणि कालची ‘एकमेव’ प्रत आज पाचांतली एक होते. म्हणजे मोजण्यामुळेच मोजायची वस्तू हलते. पद्धतिशास्त्राच्या पेपरात नमुना-निवडीतल्या पूर्वग्रहाची व्याख्या पाठ करताना हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा, व्याख्या आपोआप आठवेल.

खऱ्या अर्थाने कमी प्रती असलेले गेमही आहेत. 1990 च्या निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स स्पर्धेच्या करड्या कॅसेटी 90 आणि सोनेरी 26. हे आकडे बनवणाऱ्यांच्या वाटपावरून आलेत, किमतीवरून नव्हे. म्हणून तिथे ‘दुर्मीळ’ लिहिलं तर कुठल्याही मॅडम गोल करणार नाहीत.

आणि मग ‘स्टेडियम इव्हेंट्स’. बँडाय कंपनीने 1987 मध्ये काढलेला, पायाखालच्या चटईवर धावून खेळायचा गेम. निन्टेन्डोने तो चटईसकट आपल्याकडे घेतला आणि 1988 मध्ये ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावाने पुन्हा आणला. पहिल्या नावाच्या अमेरिकी प्रती बाजारातून काढल्या गेल्या, त्यामुळे आज त्या नावाच्या कॅसेटला संग्राहक हजारो डॉलर मोजतात. दुसरं नाव रद्दीच्या भावात मिळतं. आत जवळजवळ तोच गेम! तुम्हाला गेमच्या रचनेवर लिहायचंय तर स्वस्तातली कॅसेट पुरते. वितरणाच्या इतिहासावर लिहायचंय तर महागडीचं लेबल, खोका, पुस्तिका लागेल, पण त्याचे चांगले फोटोही बऱ्याचदा पुरतात. आधी आपला प्रश्न ठरवा, मग पाकीट काढा. मी उलट केलं होतं. शिष्यवृत्तीचा एक अख्खा महिना त्यात गेला.

सीलबंद प्रतीबद्दल माझं मत जरा कडवट आहे, ते सांगूनच टाकते. अ‍ॅक्रिलिकच्या डबीत कायमचा बंद केलेला गेम संशोधकाच्या काही कामाचा नाही. पुस्तिका वाचता येत नाही, आतला सर्किट-बोर्ड दिसत नाही, गेम चालतो की नाही तेही कळत नाही. त्या काळच्या काही कॅसेटींत खेळ साठवून ठेवायला छोटी बॅटरी असते. ती एव्हाना संपलेली असेल, कदाचित गळलेलीही, पण डबीवरचे गुण तेच राहतात. याउलट, ज्या कॅसेटच्या लेबलवर कुणीतरी मार्करने ‘अमोल, 5 वी ब’ लिहिलंय, तिचे गुण कापले जातात. मला विचाराल तर त्या चार शब्दांसाठी मी दुप्पट पैसे देईन.

आता दुसऱ्या एका आकड्याकडे वळू, कारण आमच्या चर्चासत्रात तो दर वेळी कुणीतरी फेकतं: ‘87 टक्के जुने गेम नष्ट झालेत.’

आकडा खरा आहे, वाक्य खोटं आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कबरोबर जुलै 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, लेखक फिल साल्वाडोर. त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी किती आज अधिकृतपणे नवे विकत मिळतात? उत्तर 13 टक्के. इतिहासाचा कुठलाही कालखंड घेतला तरी प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोचत नाही. सोबत त्यांनी तीन परिसंस्था खोलात तपासल्या: कमोडोर 64, गेम बॉय परिवार आणि प्लेस्टेशन 2. अभ्यास चांगला आहे, व्याख्या स्पष्ट आहेत, आणि ‘अमेरिका’ हा शब्द शीर्षकातच आहे. तो गाळणारे आपण.

माझी तक्रार एका तुलनेबद्दल आहे. अहवालात हा 13 टक्क्यांचा आकडा अमेरिकी मूकपटांच्या 14 टक्क्यांशेजारी ठेवलाय. मूकपटांचा आकडा 2013 च्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अहवालातला, डेव्हिड पीअर्स यांचा, आणि तो सांगतो की किती मूकपट त्यांच्या मूळ स्वरूपात टिकले. बाकीच्यांतले काही अपुरे किंवा दुसऱ्या आवृत्तीत उरलेत, पण बहुतेक गेले ते गेलेच, फिल्म जळली किंवा सडली. गेमच्या उरलेल्या 87 टक्क्यांचं तसं नाही. ते दुकानात मिळत नाहीत, पण कुणाच्या तरी माळ्यावर, इबेवर, हार्ड डिस्कवर आहेत. एकीकडे टिकणं मोजलंय, दुसरीकडे विकत मिळणं. शब्द बरोबर वापरलेत, हे मान्य, पण दोन आकडे शेजारी ठेवले की वाचणाऱ्याच्या डोक्यात ते एकच होतात, आणि चर्चासत्रात ‘नष्ट’ हा शब्द जन्माला येतो.

मात्र या टीकेमुळे अभ्यासाचा मुद्दा हलका होत नाही, उलट माझ्यासारखीला तो जास्त बोचतो. गेम आहेत, पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता जुन्या बाजारातून जातो. 27 मार्च 2023 ला निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू यांची ऑनलाइन दुकानं खरेदीसाठी बंद केली. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ग्रंथालयांना असे गेम संशोधकांसाठी दूरस्थ पद्धतीने खुले करायची सूट नाकारली. मग उरतं काय? प्रवास करा, नाहीतर विकत घ्या. वाचनालयाचं काम बाजार करू लागला, की भाव वाढल्यावर वाचक कमी होतात.

आणि आपल्याकडे? 87 टक्क्यांच्या हिशोबात आपल्याकडचे गेम कुठे बसतात? कुठेच नाही.

आपल्या घरांत आलेले बहुतेक ‘टीव्ही गेम’ हे जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. कॅसेटी 60 पिनांच्या, अमेरिकी एनईएसच्या 72 पिनांच्या नव्हेत. एकाच कॅसेटवर ‘9999 इन 1’. अमेरिकी किंमत-सूचीत या वस्तूला नाव नाही, फार तर ‘बनावट’ हा शिक्का आहे. संग्राहकांना खरं-खोटं ओळखायच्या खुणा शिकवतात, त्यातली एक अशी: कॅसेट उघडा, बोर्डवर व्यवस्थित पाय असलेल्या चिप आणि कंपनीचं छापील नाव दिसलं तर अस्सल, काळ्या डांबरासारखा थेंब दिसला तर सहसा नकली. खरेदीसाठी सल्ला योग्य आहे. पण माझ्या अभ्यासात तो काळा थेंब हाच अस्सल पुरावा! आमच्या गल्लीतल्या पोरांनी ‘काँट्रा’ खेळला तो त्या थेंबातून. ‘अस्सल’ हा शब्द संग्राहकाकडून उसना घेतला, तर माझा अख्खा विषय पहिल्याच पानावर कचऱ्यात जातो.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मागच्या महिन्यात तिथे एका ताडपत्रीवर रिमोट, चार्जर, इस्त्रीचे हँडल यांच्या ढिगात तीन पिवळ्या कॅसेटी दिसल्या.

‘दादा, ह्या चालतात का?’

‘फुंकर मारून बघा ताई. आमच्या पोरांच्या चालायच्या.’

(फुंकर मारू नका. थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापरा. आपण सगळ्यांनी बालपणी जे केलं ते चूकच होतं.)

तिन्हीचे दीडशे सांगितले, शंभरात दिल्या. घरी येऊन वहीत लिहिलं: तारीख, जागा, सांगितलेली किंमत, दिलेली किंमत, विक्रेत्याचं वाक्य जसंच्या तसं, पिनांची संख्या, लेबलचा फोटो दोन्ही बाजूंनी, बोर्डचा फोटो. मग पहिली कॅसेट लावली. यादीत गेम 9999, सगळं फिरून झाल्यावर वेगळे निघाले सहा. बाकी त्याच सहांची नावं बदललेली रूपं, कुठे तिसऱ्या पातळीपासून सुरू होणारं, कुठे जास्त जीव दिलेलं. ही फसवणूक म्हणायची की त्या काळच्या विक्रीची एक कला? यावर माझं तिसरं प्रकरण आहे, त्यामुळे आत्ता गप्प बसते. दुसरी कॅसेट पडदा राखाडी करून थांबते. तिसरीच्या मागे बॉलपेननं एक टेलिफोन नंबर कोरलाय, सहा आकडी. तो अर्थातच इथे देणार नाही, पण शहरात फोन सहा आकडी कधीपर्यंत होते ते शोधतेय. म्हणजे कॅसेटचं वय किमान एका बाजूने तरी बांधता येईल.

मसुद्यातलं ते वाक्य आता असं आहे: ‘या गेमची या लेबलची प्रत मला अठरा फेऱ्यांत दोनदा आढळली.’ मॅडमनी गोल केला नाही. फक्त विचारलं, ‘फेऱ्या सगळ्या रविवारच्याच का?’ हो, सगळ्या रविवारच्याच. या आठवड्यात बुधवारी जाणार आहे.

शंभर रुपये कंटिन्जन्सीतून मागितले होते. लेखा विभागाला जीएसटीचं बिल हवंय.